गुयरीच्या दाराची हिवाळी चढाई : थंडीच्या आधी उजेडाचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात चौघांच्या गटाने शहापूर तालुक्यातील डेहण्याहून पहाटे निघून, आजोबा डोंगराच्या पदरातल्या (कड्याखालच्या झाडीच्या टप्प्यावरच्या) वाल्मिकी आश्रमावरून गुयरीच्या दाराने, म्हणजे नाळेतून चढणाऱ्या घाटवाटेने, घाटमाथ्यावरच्या कुमशेतला चढावे आणि त्याच संध्याकाळी पाथरा घाटाने परत डेहण्याला उतरावे, हे जमेल का? गटातील दोघांनी कळसूबाई आणि राजमाचीपलीकडे फारसे काही केलेले नाही, आणि थंडीसाठी कपडे व बूट कोणते घ्यावेत, हेही आपण विचारले आहे. कपड्यांविषयी पुढे सविस्तर लिहितो. आधी मुख्य उत्तर देतो. चढाई जमेल. मात्र तीच चढाई आणि दुसऱ्या अनोळखी घाटाने उतराई, ही दोन्ही कामे दोन नवख्यांना घेऊन जानेवारीच्या एका दिवसात करू नयेत. दिवस चढाईसाठी ठेवावा, कुमशेतला संपवावा आणि तिथून राजूरकडे जाण्यासाठी गाडी आधीच ठरवून ठेवावी. पाथरा घाट वेगळ्या दिवशी, ताज्या पायांनी करावा.

असे का म्हणतो, ते उजेडाच्या हिशेबावरून कळेल. आपल्या अक्षांशावर जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सव्वासहाच्या आत मावळतो, म्हणजे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. पण हा उजेड मोकळ्या मैदानावरचा. कोकणाकडे तोंड असलेल्या नाळेत, म्हणजे दोन कड्यांमधल्या उभ्या, अरुंद घळीत, सकाळी ऊन पोहोचतच नाही, कारण सूर्य डोंगराच्या मागे असतो. या दिवसांत तो भर दुपारीही पन्नास अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना उंच कडे असलेल्या नाळेत ऊन उशिरा येते आणि काही कोपऱ्यांत येतही नाही. संध्याकाळी कड्याचा माथा सोनेरी दिसत असतो, आणि त्याच वेळी पदरातल्या दाट झाडीत साडेपाचलाच पायाखालचा दगड आणि पाचोळा वेगळे ओळखू येईनासे होतात. ठळक, मळलेल्या वाटेवर एवढ्या उजेडात चालता येते. मोडलेल्या वाटेवर येत नाही. म्हणून ११ तासांपैकी कामाचे तास नऊच धरावेत.

आता वेगाचा अंदाज. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला आडाखा आजही जगभर वापरला जातो : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा आडाखा सुदृढ माणसासाठी आणि बऱ्या वाटेसाठी आहे. घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या दगडमातीच्या नाळेत, एकाने हलायचे आणि बाकीच्यांनी आडोशाला थांबायचे अशा पद्धतीने चढणारा चौघांचा गट तासाला दोनशे ते अडीचशे मीटरपेक्षा जास्त उंची गाठत नाही, असा माझा अनुभव आहे. गावापासून माथ्यापर्यंत सातशे मीटरची चढाई धरली, तरी पदरातली चाल, वाट शोधण्यात जाणारा वेळ, न्याहारी आणि विश्रांती मिळून साडेपाच ते सहा तास सहज लागतात. सकाळी साडेसहाला पाऊल उचलले तर साडेबाराला घाटमाथा, तिथून चालत कुमशेत आणि जेवण होईपर्यंत दोन. त्यानंतर दुसऱ्या घाटाचे तोंड शोधायचे आणि थकलेल्या गुडघ्यांनी, कधीही न पाहिलेल्या वाटेने उतरायला लागायचे. हाताशी उजेड उरतो साडेतीन तासांचा. सगळे सुरळीत झाले तर ते पुरतील. एकाचा पाय मुरगळला किंवा वाट अर्धा तास सापडली नाही, तर पुरणार नाहीत.

परत फिरण्याचा निर्णय कोणत्या जागी घ्यायचा, हे या वाटेवर घड्याळाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि नवीन मंडळी ते बहुधा लक्षात घेत नाहीत. साध्या डोंगरावर "बारापर्यंत माथा नाही आला तर मागे फिरू" असे ठरवणे पुरते. उभ्या घसाऱ्याच्या नाळेत मात्र चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते : चढताना हात समोर असतात, वजन पुढे असते आणि नजरेसमोर पुढची पावठी असते, उतरताना यांतले काहीच नसते, आणि आपण सैल केलेला प्रत्येक दगड खाली असलेल्या सोबत्याकडे जातो. नाळेच्या मध्यावरून मागे फिरणे हा बऱ्याचदा पुढे जाण्यापेक्षा धोक्याचा पर्याय ठरतो. म्हणून निर्णयाची जागा नाळेच्या पायथ्याशी ठेवावी. साडेनऊपर्यंत सगळे तिथे पोहोचले, कोणाचाही दम किंवा धीर सुटलेला नसला आणि हवा स्वच्छ असली, तर वर जावे. दहा वाजून गेले असतील तर आश्रमापर्यंत परत यावे, तिथल्या रानात दिवस घालवावा आणि घरी जावे. एकदा नाळेत शिरलात की आपली सुटकेची वाट वरच्या बाजूला आहे, असे समजून चालावे. घाटमाथ्यावर गाव आहे, रस्ता आहे, चूल पेटलेली आहे. दिवस कुमशेतला संपवा असे मी सांगतो ते यासाठी : उशीर झालाच तरी आपण सुरक्षित बाजूला असता.

नाळेचे स्वरूप जरा जवळून सांगतो. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. कठीण बेसाल्टचा थर कड्यासारखा उभा राहतो आणि त्यामधला मऊ, सच्छिद्र थर झिजून उतार बनतो. नाळेत हे दोन्ही आलटून पालटून भेटतात. कातळटप्पा बहुधा कोरडा आणि विश्वासू असतो. खरी परीक्षा त्यामधल्या मुरमाच्या उतारावर होते. पावसाळ्यात ओढ्याने आणलेले दगडगोटे तिथे थांबलेले असतात, त्यावर डिसेंबरपासून पानगळीचा पाचोळा साचतो आणि दोन दगडांमधल्या फटी झाकल्या जातात. सकाळी त्या पाचोळ्याचा वरचा थर दवाने ओला आणि खालचा कोरडा असतो; पाय ठेवताच वरचा थर खालच्यावरून सरकतो. अशा जागी काठीने पाचोळा बाजूला सारून मगच पाय टाकावा. पाऊल सरळ वर न ठेवता उताराला आडवे ठेवावे, बुटाची कड मुरमात रुतवावी, क्षणभर अर्धे वजन देऊन पाहावे आणि मगच पूर्ण वजन द्यावे. हाताने कातळ धरताना तो आधी तळहाताने ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला तर तो दगड सोडून द्यावा.

कारवीविषयी विशेष सावध राहावे. ही झुडपे सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतात आणि बी धरल्यावर सगळी एकत्र वाळतात. वाळलेली कारवी दिसायला ताठ आणि भक्कम, पण हाताला हिसका बसताच मुळाशी मोडते. हिरव्या कारवीचाही आधार घ्यायचा तर बुंध्याशी, जमिनीलगत, आणि एका वेळी तीन-चार काठ्या मुठीत धरून घ्यावा. शेंड्याला धरून लोंबकळू नये.

नाळेत चौघांनी एका ओळीत, एकाखाली एक असे कधीही चढू नये. एक जण पुढच्या आडोशापर्यंत जाईल, तोवर बाकीचे बाजूच्या कड्याच्या खोबणीत किंवा मोठ्या शिळेआड थांबतील; तो पोहोचल्यावर हाक देईल, मग पुढचा निघेल. दगड सुटला तर तो किती का लहान असेना, मोठ्याने "दगड!" असे ओरडायचे आणि खालच्यांनी वर न पाहता कातळाला चिकटायचे. हेल्मेट घेतल्यास उत्तम. मी या प्रकारच्या नाळेत ते आवश्यक मानतो. नवखे दोघे मध्ये असावेत, सर्वांत अनुभवी माणूस शेवटी. पुढे वाटाड्या असतोच. मागे राहणाऱ्याला गटाची अवस्था दिसते.

वाटाड्या घ्यावा की नाही, असा प्रश्न आपण विचारलेला नाही, त्यावरून आपण मोबाइलमधल्या ट्रॅकवर, म्हणजे आधी कोणी जीपीएसवर नोंदवलेल्या वाटेवर, विसंबणार असा माझा समज झाला आहे. कृपया तसे करू नका. उंच कड्यांच्या मधल्या नाळेत आकाशाचा अरुंद पट्टाच उघडा असतो, उपग्रहांचे संकेत कड्यांवर आपटून येतात आणि पडद्यावरचा ठिपका प्रत्यक्ष जागेपासून कित्येक मीटर सरकलेला असतो. शेजारी शेजारी दोन नाळा असतील, तर तेवढी चूक आपल्याला भलत्याच नाळेत नेऊ शकते, आणि भलती नाळ बहुधा कोरड्या धबधब्याच्या कड्याखाली संपते. शिवाय ट्रॅक कोणत्या वर्षीचा आहे हे पाहावे लागते. दर पावसाळ्यात दरड कोसळून नाळेची मांडणी बदलते. डेहण्यातला जाणता माणूस यंदाच्या पावसानंतर वर जाऊन आलेला असतो. त्याला आदल्या दिवशी भेटावे, "दादा, यंदा दाराने कोणी चढले का, मध्ये काही पडले आहे का," असे स्पष्ट विचारावे आणि तो "नको" म्हणाला तर वाद घालू नये. त्याची पूर्ण दिवसाची मजुरी आणि परतीची सोय आधी ठरवावी, कारण आपण कुमशेतला थांबणार, पण त्याला पुन्हा खाली घरी यायचे असते. त्याच्यासाठीही शिदोरी आणि बॅटरी आपल्या पिशवीत असावी.

तरीही वाटेच्या खुणा स्वतःला ओळखता यायला हव्यात. डेहणे ते आश्रम ही वाट वापरातली आहे, तिथे चुकण्याचा संभव कमी. त्यापुढे पदरातल्या जंगलात ढोरवाटांचे जाळे लागते. ढोरवाट उताराला समांतर, आडवी जात राहते आणि एखाद्या कुरणापाशी किंवा पाणवठ्यापाशी विरते. घाटवाट मात्र वळणे घेत का होईना, उंची गाठत जाते. जुन्या घाटवाटेवर कडेला रचलेल्या दगडांचा आधार, अनेक पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या दगडाच्या कडा, झाडाच्या खोडावर कोयत्याने घेतलेले जुने घाव अशा खुणा मिळतात. एकेकाळी घाटमाथ्यावरची माणसे कोकणातल्या बाजाराला याच वाटांनी ये-जा करीत. गाडीरस्ते झाल्यापासून वर्दळ आटली आणि वर्दळीबरोबर वाट साफ राहणेही थांबले. दहा मिनिटांत एकही खात्रीची खूण दिसली नाही, तर पुढे रेटू नये. शेवटच्या खात्रीच्या जागी परत यावे, चौघांनी तिथे थांबावे आणि वाटाड्याने एकट्याने हाकेच्या अंतरात शोध घ्यावा. चौघेही चार दिशांना पांगले की पुढचा तास एकमेकांना शोधण्यातच जातो.

आता थंडी. आपल्याकडे थंडीचा त्रास चढताना होत नाही, थांबल्यावर होतो. पहाटे डेहण्यात गारठा असतो, म्हणून माणसे स्वेटर आणि जर्किन चढवून निघतात; अर्ध्या तासात घाम फुटतो, आतला सुती शर्ट भिजतो आणि तसाच अंगाला चिकटून राहतो. दाराच्या खिंडीत पोहोचल्यावर घाटमाथ्यावरचा वारा समोरून लागतो. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यात वारा आणि ओला सुती कपडा यांची भर पडली की दुपारी बारालाही माणूस कुडकुडायला लागतो. यावर उपाय सोपा आहे : निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत. अंगाशी घाम लवकर सुकवणारा कृत्रिम धाग्याचा किंवा पातळ लोकरीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खाली जीन्स नव्हे तर हलकी, मोकळी, पूर्ण पँट. पिशवीत प्लॅस्टिकच्या थैलीत बांधलेला एक कोरडा शर्ट, एक गरम बंडी किंवा फ्लीस, वारा अडवणारे पातळ जर्किन, कानटोपी. खिंडीत पोहोचताच, फोटो काढण्याआधी, ओला शर्ट बदलून टाकावा. ही एक सवय लावून घेतली तर आपल्या डोंगरांत दिवसाच्या चालीला महागड्या जाकिटांची गरज पडत नाही.

रात्र अडकून काढावी लागली तर मात्र परिस्थिती वेगळी असते, आणि तयारी त्या शक्यतेची असली पाहिजे. अकोले तालुक्याच्या या पट्ट्यात थंडीची लाट आली की पहाटेचे तापमान एकेरी आकड्यात जाते, आणि जखमी, थकलेला, घामाने भिजलेला माणूस तेवढ्या थंडीतही हळूहळू गार पडतो. प्रत्येकी एक चंदेरी आपत्कालीन चादर, जिचे वजन नगण्य असते, आणि गटात एक झोपायची फोमची चटई ठेवावी. खालून जमीन उष्णता ओढून घेते, म्हणून वरच्या पांघरुणाइतकेच खालचे अंथरूण महत्त्वाचे आहे. माणूस बोलताना अडखळू लागला, शर्टाची बटणे त्याला लावता येईनाशी झाली किंवा विचित्र हट्ट करू लागला, तर त्याला थंडी बाधली आहे असे समजून चालणे थांबवावे, कोरडे कपडे घालावेत, गोड आणि कोमट काही पाजावे. दारू कोणत्याही परिस्थितीत देऊ नये; ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीराची उष्णता त्वचेवाटे अधिक वेगाने निघून जाते.

बुटांबद्दल एवढेच सांगतो की, नवे बूट या वाटेवर प्रथम घालू नयेत. खोल खाचांचा रबरी तळ, पुढे बोटांना थोडी मोकळी जागा, घोट्यापर्यंत आधार असल्यास बरे. तळ झिजून गुळगुळीत झाला असेल तर बूट कितीही आवडता असो, तो घरी ठेवावा.

थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी कमी घेतले जाते आणि दुपारी मांड्यांत पेटके येतात. प्रत्येकी तीन लीटर घ्यावे आणि तहान असो वा नसो, दर अर्ध्या तासाला दोन घोट घ्यावेत. जानेवारीत नाळेतले पाणी बहुतेक आटलेले असते. मध्ये कुठे पाणी मिळेल असे गृहीत धरू नये. भाकरी-चटणी, उकडलेले बटाटे, गूळ-शेंगदाणे, खजूर असे थांबून थोडे थोडे खाता येणारे पदार्थ घ्यावेत. भरपेट जेवण कुमशेतला करावे. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाकडे स्वतंत्र हवी, चौघांत एक नव्हे. मोबाइलची बॅटरी ही बॅटरी नव्हे, कारण एक हात त्यातच अडकतो. तीस मीटरचा दोर घ्यावा, पण वाटाड्याला किंवा आपल्यापैकी एकाला तो बांधता आणि वापरता येत असेल तरच. न येणाऱ्याच्या हातातला दोर खोटा धीर देतो, आणि तो धीर घातक असतो.

कड्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत आग्या मोहोळे असतात. अत्तर आणि सुगंधी फवारे लावू नयेत, नाळेत ओरडाआरडा करू नये, धूर तर मुळीच करू नये. मोहोळ उठलेच तर दाट झुडपात शिरून चेहरा आणि मान झाकून घ्यावी, हात झाडू नयेत. फुरसे आणि घोणस थंडीत सकाळी उन्हाला येऊन दगडांवर पडतात, म्हणून वरचा कातळ न पाहता हाताने चाचपू नये. सर्पदंश झाला तर जखम कापू किंवा चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. दंशाचा अवयव फळीने स्थिर करून रुग्णाला उचलून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे, तिथे प्रतिविष मिळते. वाळलेल्या गवतात काडी किंवा विडी पडली तर वणवा नाळेतून वर चढायला वेळ लावत नाही. वरचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, १९८६ मध्ये ते जाहीर झाले. वनखात्याचा नाका लागेल तिथे नोंद करून पावती घ्यावी. अडचणीच्या वेळी ती नोंदही शोधाला उपयोगी पडते.

शेवटी निरोपाची व्यवस्था. नाळेत मोबाइलला संपर्क मिळेल असे समजू नका. घरच्या एका माणसाला लेखी कळवा : कोण कोण आहे, कोणत्या वाटेने, वाटाड्याचे नाव व गाव, कुमशेतला अपेक्षित वेळ दोन, आणि संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर काय करायचे. सहाला त्याने प्रथम ठरवलेल्या गाडीवाल्याला विचारावे, मग डेहण्यात वाटाड्याच्या घरी. दोन्हीकडे पत्ता लागला नाही तर रात्रीची वाट न पाहता ११२ वर पोलिसांना कळवावे आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी संपर्क साधावा. त्या केंद्राचा चालू मदत क्रमांक निघण्याआधी तपासून चौघांनीही कागदावर लिहून घ्यावा. बचाव पथकाला सर्वांत आधी लागते ती जखमींची संख्या, दुखापतीचे स्वरूप आणि नेमकी जागा. "आश्रमापासून अमुक वेळ चालल्यावर, नाळेच्या उजव्या भिंतीखाली" असे सांगता आले, तर त्यांचे कित्येक तास वाचतात. त्यासाठी वाटेत प्रत्येक ठळक खुणेची वेळ वहीत टिपत जावी. हे काम नवख्या दोघांपैकी एकाकडे द्या, म्हणजे त्याचे लक्ष वाटेवर राहील.

पाथरा घाटाचा विचार सोडू नका. फेब्रुवारीत दिवस थोडा मोठा होतो. तेव्हा कुमशेतला मुक्काम करून सकाळी सातला उतरायला सुरुवात केली, तर दुपारच्या जेवणाला आपण डेहण्यात असाल.